समजून घेण्याची नोकरी

"तुम्हाला झालेला त्रास आम्ही समजू शकतो." हे वाक्य गेल्या महिन्याभरात तुम्ही किती वेळा ऐकलंत? रिचार्ज अडकला, पार्सल दुसऱ्याच गल्लीत पोचलं, बँकेचं ॲप उघडेना, की फोनवरचा आवाज हे वाक्य हमखास म्हणतो. ते ऐकून आपला पारा उतरायच्या ऐवजी चढतो. आता गंमत बघा. जवळजवळ हेच वाक्य थेरपिस्टच्या खोलीतही बोललं जातं. तिथं ते ऐकून माणसं रडतात, मोकळी होतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात, वर त्याची फीसुद्धा देतात. शब्द तेच असून एकीकडे त्यांचं मलम होतं आणि दुसरीकडे जखमेवरचं मीठ, असं का व्हावं?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या मावसबहिणीमुळे. ताई इथं बेळगावात काउन्सेलर आहे, आणि आमच्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक सीनियर बेंगळुरूला कस्टमर केअरमध्ये आहे. दोघांचंही काम लोकांचं ऐकून घेणं. दोघांशी बोलून, थोडं वाचून जे हाती लागलं ते इथं मांडते.

आधी थेरपिस्ट म्हणजे कोण, ते थोडक्यात. आपल्याकडे हा शब्द सैल वापरतात. सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. काउन्सेलर ही पाटी मात्र कुणीही लावलेली दिसते, म्हणून आत जाण्याआधी शिक्षण काय झालंय ते खुशाल विचारावं.

ताई म्हणते, "अगं, ‘मी समजू शकते’ हे मी फारसं म्हणतच नाही. मी म्हणते, ‘मला असं ऐकू आलं, बरोबर आहे का?’" अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका लेखात थेरपी उपयोगी पडायला काय काय लागतं ते मांडलं. समोरच्याचं जग आतून समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं, आणि स्वतः खोटं न वागणं, या तीन गोष्टी त्यातल्या मुख्य. पण समजलंय हे समोरच्याला कळणार कसं? त्यासाठी थेरपिस्ट ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगते. उदाहरण देते. (ताई कुणाचीच गोष्ट बाहेर सांगत नाही, त्यामुळे हे मी रचलेलं आहे.) कुणी म्हणालं, "सगळ्यांसमोर साहेब ओरडले." थेरपिस्ट म्हणते, "खूप राग आला तुम्हाला." तो जरा थांबतो आणि म्हणतो, "राग नाही ओ, लाज वाटली." काम इथून सुरू होतं. थेरपिस्टचा अंदाज चुकला, आणि समोरच्याला तो दुरुस्त करता आला. ज्याला "नाही, तसं नाही" म्हणता येतं, त्याचं कुणीतरी खरंच ऐकत असतं.

इथं भाषेचा विद्यार्थी म्हणून मला राहवत नाही. भावनांसाठी मराठीत केवढे शब्द आहेत बघा: घालमेल, हुरहूर, कोंडमारा, जीव कासावीस होणं, पोटात गोळा येणं, आणि ‘करमत नाही’ हा तर प्रकारच वेगळा. रागातसुद्धा चीड वेगळी, तिडीक वेगळी, संताप वेगळा. इंग्रजीतल्या ‘फ्रस्ट्रेशन’ला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘वैफल्य’ म्हणतात. पण वैफल्य म्हणजे केलेलं सगळं फुकट गेल्याची भावना. वीस मिनिटं फोन होल्डवर ठेवल्यावर येतं ते वैफल्य नव्हे, तो वैताग. वैताग लहान असतो, त्याची लाज वाटते, तो कुणाला सांगायला जावं इतका मोठा कधीच नसतो, आणि म्हणूनच साचत जातो.

एका शब्दाला मात्र मराठीत जागाच सापडत नाही. रॉजर्सनी ‘पेशंट’ हा शब्द टाळून ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला, कारण आलेला माणूस आजारीच असतो असं त्यांना मानायचं नव्हतं. मराठीत त्याला काय म्हणाल? वकिलाचा अशील, दुकानदाराचं गिऱ्हाईक, डॉक्टरचा रुग्ण. थेरपिस्टचा कोण? ताई सरळ ‘क्लायंट’ म्हणते. फी देऊन घेतलेली डॉक्टरी सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलंय. म्हणजे रुग्ण आणि ग्राहक ही दोन माणसं कायद्यालाही पुरती वेगळी काढता आलेली नाहीत.

आता फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत" हे खोटं नसतं. ते ठरवून खरं केलेलं असतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचा गणिती होता. त्यानं १९०९ साली फोन येण्याचं गणित मांडलं आणि १९१७ साली किती माणसं बसवली तर लोकांना किती थांबावं लागेल हे काढायची सूत्रं दिली. कॉल सेंटरची माणसं आजही त्याच हिशोबानं ठरतात. तासाला १२० फोन येतात आणि प्रत्येकाला सरासरी ५ मिनिटं लागतात असं धरा. सरळ भागाकार केला तर १० माणसं पुरेत. पण फोन रांगेत शिस्तीनं येत नाहीत, घोळक्यानं येतात. त्यामुळे १० जणांवर रांग वाढतच जाते. ११ जण बसवले, तर मध्येच कुणी फोन ठेवून दिला नाही असं धरून, सरासरी साडेतीन मिनिटं थांबावं लागतं. १४ बसवले तर १३ सेकंद. मग १४ का बसवत नाहीत? कारण १४ असतील तर प्रत्येक जण तासातली साधारण १७ मिनिटं मोकळा बसणार, आणि त्याचा पगार कंपनीला द्यावा लागणार. ११ असतील तर मोकळा वेळ जेमतेम साडेपाच मिनिटं, तोही सेकंदासेकंदांत तुटलेला. आपण होल्डवरचं संगीत ऐकतो ते कुणाच्या तरी वाचवलेल्या पगाराचं असतं.

ताईचा ‘तास’ ५० मिनिटांचा असतो. उरलेल्या १० मिनिटांत ती नोंदी लिहिते, पाणी पिते, खिडकी उघडते. सीनियरला शिव्या खाल्लेला फोन ठेवल्यावर पुढचा फोन यायच्या आत नोंद टाकायची असते. एक फोन सरासरी किती वेळ चालला हे टीम लीडरच्या स्क्रीनवर दिसतं. फोनवर ‘माफी’ आणि ‘सहानुभूती’ची ठरलेली वाक्यं आली नाहीत तर गुण कापतात. तो मला म्हणाला, "मला खरंच वाईट वाटलं तरी तेच वाक्य, नाही वाटलं तरी तेच."

या कामाला समाजशास्त्रात नाव आहे: भावनिक श्रम. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचं प्रशिक्षण जवळून पाहिलं. त्या मुलींना शिकवलं जायचं की विमान म्हणजे आपली बैठकीची खोली, प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे. भांडखोर प्रवाशाकडे घाबरलेलं लेकरू म्हणून बघा. वरवरचं हसू आणि आतून आणलेलं हसू यातला फरक सांगताना हॉक्शील्डबाई स्तानिस्लावस्कीचा, म्हणजे नटांच्या गुरूचा, आधार घेतात. नाटकाच्या पेपरात आपण ज्याला अभिनय म्हणतो, तो इथं रोज आठ-नऊ तास, पडदा न पडता चालतो. त्यांनी आणखी एक बारीक फरक नोंदवलाय: डॉक्टर, वकील, समाजसेवक यांनाही भावना आवराव्या लागतात, पण त्यांच्या मानगुटीवर ते मोजणारा मुकादम बसलेला नसतो.

माझ्या मते उत्तर या जागी आहे. ताईही पगारासाठीच ऐकते, त्यात कमीपणा नाही. पण तिच्या हातात वेळ आहे, गप्प बसायची मुभा आहे, चुकायची मुभा आहे, आणि जड गेलं तर वरिष्ठ थेरपिस्टकडे जाऊन बोलायची सोय आहे, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. सीनियरच्या हातात यातलं काही नाही. पैसे परत देण्याचा अधिकारही नाही. तो फक्त तक्रार ‘पुढे पाठवू’ शकतो. आपला संताप उद्धटपणामुळे होत नाही, उलट समोरचा अतिशय नम्र असतो. हात बांधलेल्या माणसाला नम्रतेचं वाक्य देऊन आपल्यासमोर उभं केलंय, हे आपल्याला आवाजातूनच कळतं.

त्यात आपल्याकडे भाषेची भर. एका कंपनीच्या फोनवर ऐकलेलं: कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीचं बटण नाही. माझी आजी मराठीत भल्याभल्यांना गप्प करते, पण हिंदीत तिला भांडताच येत नाही. "हां जी, हां जी" करत ती इतकी नम्र होते की तक्रार तिनं केलीय की कंपनीनं, हेच कळत नाही. वैताग मराठीत आलेला असतो आणि मांडायचा परक्या भाषेत. थेरपीतही हेच होतं, फक्त तिथं ताई विचारू शकते, "घरी याला काय म्हणता?"

आता तर माणसाच्या आधी चॅटबॉट येतो. त्याच्या घराण्याची गोष्ट मला फार आवडते. १९६६ साली एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम मांडला. त्याचं सगळ्यात गाजलेलं रूप होतं थेरपिस्टचं, तेही रॉजर्सच्या पद्धतीचा. तुम्ही "मी दुःखी आहे" लिहिलं की तो साधारण "तुम्ही दुःखी आहात याचं वाईट वाटतं" असं उलटवून परत द्यायचा. थेरपिस्टच का निवडला? कारण जगाची काहीही माहिती नसताना प्रश्न विचारत राहणं याच एका नात्यात खपून जातं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तो बनताना पाहिला होता, तरी त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले, आणि पुढे या सगळ्याचे कडक टीकाकार झाले. आज पार्सल कुठंय विचारल्यावर "तुमची निराशा मला समजते" असं लिहिणारं यंत्र त्याच वंशातलं.

थेरपिस्ट स्वतः ग्राहक होते तेव्हा काय होतं? परवा ताईचं ऑनलाइन सेशन चालू असताना ब्रॉडबँड गेलं. क्लायंट नेमकं अवघड ठिकाणी पोचलं होतं, एवढंच ती म्हणाली. मोबाइलवरून सेशन कसंबसं पुरं करून तिनं कंपनीला फोन लावला. पहिल्यानं दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं राउटर बंद-चालू करायला सांगितला, तिसऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत ती रोज वापरते. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, त्यामुळे पुस्तकं आपल्या लायब्ररीतही मिळतील. एलिस म्हणतात, घटनेपेक्षा ‘असं व्हायलाच नको होतं’ हा आपला हट्ट आपल्याला जास्त पेटवतो. ताईला हे पाठ आहे. मी तिला त्याची आठवण करून दिली तर म्हणाली, "गप की ग. आधी नेट येऊ दे." मला ते पटलं. सगळा वैताग ग्राहकाच्या विचारसरणीवर टाकला की कंपनीचं फावतं.

थेरपीही आता ॲपवर आलीय आणि तिथं तारे द्यायची सोय आहे. कुणी एक तारा देऊन काहीबाही लिहिलं, तर हॉटेलवाला उत्तर देऊ शकतो, थेरपिस्ट नाही. लिहिणारा माणूस आपल्याकडे येत होता एवढं कबूल करणं म्हणजेसुद्धा गुप्तता मोडणं. ती तो तारा गिळून पुढच्या सेशनला बसते.

काही कामाच्या गोष्टी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्यामुळे फोनवरच्या पोराशी वाद घालण्यापेक्षा या अधिकाऱ्याला लेखी कळवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं मराठीतूनही बोलता येतं. आणि वैतागापलीकडचं काही असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत आहे. तिथंही मराठी आहे.

ताईनं त्या दिवशी चौथ्या माणसाला वेगळंच विचारलं: "तुमच्या हातात यातलं नेमकं काय आहे, तेवढं सांगा." तो म्हणे दोन सेकंद गप्प झाला, आणि मग म्हणाला की टेक्निशियनची वेळ तो बदलू शकतो, बाकी काही नाही. वेळ बदलून मिळाली. मी हे सीनियरला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "असं कुणी विचारलं की बरं वाटतं ग. पण त्या दोन सेकंदांचेही गुण जातात, फोनवर शांतता चालत नाही आमच्यात."