घरच्या बिअरची भांडी कशी धुवावीत?

घरी बिअर करण्याचा छंद आज अनेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली त्यासाठीची परवान्याची अट गेली, तर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या बिअरला करातून सूट मिळाली. आपल्या मॉरिशसमध्येही काही हौशी मंडळी बिअर किंवा अननसाची वाइन घरी करून पाहतात. त्यांच्यासाठी आम्ही आज भांड्यांच्या सफाईबद्दल दोन शब्द लिहीत आहोत.

बिअर आंबताना फेसाचे कडे भांड्याला चिकटून वाळते आणि तळाशी यीस्टचा थर बसतो. घासणीने प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात व त्यांत जंतू लपतात. म्हणून घासण्यापेक्षा भिजवणे बरे.

त्यासाठी सोडियम परकार्बोनेट ही पांढरी पूड उपयोगी पडते. तिच्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश हायड्रोजन पेरॉक्साइड व बाकीचा धुण्याचा सोडा असतो. कोमट पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सुटून मळ सैल होतो आणि सोडा चिकटा काढतो. पूड बिनवासाची घ्यावी. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पूड विरघळवून भांडे अर्धा तास भिजवावे. मळ जुना असेल तर रात्रभर ठेवावे. मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावे. काचेच्या थंड बरणीत एकदम कढत पाणी ओतू नये, ती तडकते.

काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. हे पाणी बाटलीत भरून बूच लावू नये. आत वायू साठून बाटली फुटू शकते. जावेलच्या पाण्यात ही पूड कधीही मिसळू नये. ॲल्युमिनियमच्या भांड्याला ती लावू नये. हातमोजे घालावेत आणि डबा मुलांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत पुडीचा जोर लवकर जातो. भिजवण्याचे पाणीही दर वेळी ताजे करावे.

आता मुख्य गोष्ट. भांडे चकचकीत दिसले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. मळाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. म्हणून आधी सफाई आणि वापरायच्या वेळी वेगळे जंतुनाशक, हाच क्रम ठेवावा. आळस केला तर बिअर आंबट होते. इतकेच नव्हे, तर रानटी यीस्ट उरलेली साखर खात राहते, बंद बाटलीत दाब वाढतो आणि काचा उडतात. ज्या घरात मुले वावरतात, तिथे अर्ध्या तासाचा हा खटाटोप जड वाटू नये.