गिरणेच्या वाळूतला झिरा

खानदेशात झऱ्याचे नाव काढले की लोक चोपडा तालुक्यातल्या अडावदजवळचा उनपदेव सांगतात. तिथले पाणी ऊन, अंघोळीचे. भडगावच्या जुन्या माणसाला विचाराल, तर तो नदीकडे हात करेल. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक झरा म्हणजे गिरणेच्या वाळूत उकरलेला झिरा. त्याला ना पायऱ्या, ना देऊळ, ना मालक. पावसाळ्यात नदी तो बुजवून टाकते, उन्हाळ्यात बाया पुन्हा उकरतात.

उकरायचीही रीत आहे. ओलसर, जरा गडद दिसणारी वाळू हेरायची. हाताने, पाटीने दीड-दोन फूट ओढायची. कडा उभ्या ठेवल्या तर ढासळतात, म्हणून परातीसारखा उतार द्यायचा. तळाला साचलेले पहिले पाणी गढूळ असते, ते उपसून लांब फेकायचे. दुसरेही फेकायचे. तिसऱ्या वेळी मात्र थांबायचे. हळूहळू गाळ खाली बसतो, तळाचा एकेक खडा दिसू लागतो आणि कडेच्या वाळूतून पाण्याची बारीक धार आत सरकताना दिसते. मग तळ न ढवळता नरोटीने पाणी घ्यायचे आणि हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर ओतायचे. हंडा किती वेळात भरायचा, ते झिरा ठरवतो. आजीसोबत मी अशा झिऱ्याकाठी बसलो आहे. घाई केली की पाणी गढूळते, हे ठाऊक असल्याने मागची बाई पुढचीवर कधी खेकसत नसे.

हे पाणी येते कुठून? नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावलेली गिरणा मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत तापीला मिळते. आपल्या मुलखाखाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच पाणी तो धरतो. पात्रातल्या भरड वाळूचे तसे नाही. एक घनमीटर वाळू पाण्याने तुडुंब भरली, तर त्यातले साधारण 200 ते 250 लिटर पाणी मोकळे होऊन हाती येते. शिवाय वाळू पाण्यावर झाकण घालते. पातळी दोन फुटांखाली गेली की ऊन त्यातले फार थोडे पाणी उडवू शकते. भर वैशाखात नदी वरून कोरडी ठणठणीत आणि खाली ओली राहते, ती यामुळे. वाळू पाणी गाळते, हेही खरे. पण जवळ घाण असेल तर रोगजंतू त्यातून येऊ शकतात, म्हणून झिऱ्याचे पाणीही उकळून प्यावे.

नांदगाव तालुक्यात पांझणजवळ गिरणा धरण 1969 मध्ये पुरे झाले आणि नदीचा उन्हाळा बदलला. आता पिण्यासाठी धरणातून आवर्तन सुटते. ते आधी तहानलेली वाळू भिजवते, मगच पुढे सरकते. घरोघरी नळ आले म्हणून झिरा संपला, असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. नदीकाठी खोदलेली पाणीपुरवठ्याची विहीर म्हणजे खोल केलेला, बांधून काढलेला, मोटार बसवलेला झिराच. तिलाही पाणी त्याच वाळूतून येते.

आणि ती वाळूच आपण उचलतो आहोत. हिशेब साधा आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. एवढी वाळू गेली की निदान साडेपाचशे लिटर पाण्याची जागा गेली. पंधरा लिटरचा हंडा धरला तर छत्तीस हंडे झाले. ही जागा दर पुराला पुन्हा भरणारी होती. वर धरण असलेल्या नदीत नवी वाळूही पूर्वीसारखी वाहून येत नाही, कारण ती धरणाच्या पोटात अडते. केनियातल्या कितुई भागात लोक कोरड्या नद्यांवर मुद्दाम भिंती घालतात, त्या वाळू अडवायला. त्या वाळूत साठलेले पाणी ते उन्हाळाभर पितात. जे तिथे कष्टाने उभारतात, ते आपल्याला नदीने फुकट दिले होते. गिरणेवर सात बलून बंधारे व्हावेत, ही मागणी रास्तच आहे. पण बंधारा पाणी अडवेल. वाळू कोण अडवणार?

कायदे आहेत. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला महाराष्ट्राने 1993 मध्येच मनाई केली. वाळूपट्टा लहान असला तरी पर्यावरण मंजुरी हवीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बजावले. तरी रात्री पात्रात ट्रॅक्टर उतरतात, हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. ते डांगरही एकेकाळी गिरणेच्या वाळूतल्या वाड्यांतच पिकायचे. भडगाव परिसरातल्या गावांना माझी विनंती आहे. येत्या आखाजीला एक लांब लोखंडी सळई घेऊन पात्रात उतरा. आपल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीसमोर ती वाळूत ठोका, खडक किती फुटांवर लागतो ते पाहा आणि तो आकडा गावाच्या फळ्यावर तारखेसह लिहा. पुढच्या आखाजीला त्याच जागी पुन्हा मोजा.