गर्दी होती, मग दुकान बंद का पडलं?

पुण्याला गेलं की तुळशीबागेत चक्कर होतेच, आणि नातवंडांना भातुकली घेतल्याशिवाय पाय निघत नाही. तसंच अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी गेलेली माणसं खेळण्यांच्या एका दुकानात हमखास जायची. त्याचं नाव एफ. ए. ओ. श्वार्ट्झ. नाव जरा अवघड आहे, पण ती मालकाच्याच नावाची अक्षरं. जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या श्वार्ट्झ भावांनी १८६२ साली बाल्टिमोर गावात खेळण्यांचं दुकान घातलं, पुढे ते न्यूयॉर्कला आलं. तिथल्या बड्या रस्त्यावरचं हे दुकान २०१५ च्या जुलैमध्ये बंद झालं आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या जागी उघडलं.

बंद पडलं म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं, असं आपल्याला वाटेल. पण तिथं तर गर्दी असायची! दारात लाल कोटातला खेळण्यातल्या शिपायासारखा सजलेला माणूस. आत जमिनीवर अंथरलेली भली मोठी पेटी, तिच्या पट्ट्यांवर पायांनी नाचलं की सूर निघायचे. १९८८ च्या ‘बिग’ नावाच्या सिनेमात नट टॉम हँक्स तिच्यावर नाचला आणि ती जगभर माहीत झाली. लोक ती बघायला यायचे.

बघायला येणं वेगळं आणि घेणं वेगळं. प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या आपल्या गटांना हे वेगळं सांगायला नको. दिवसभर चटणी चाखून जाणारे किती, आणि पिशवी उघडणारे किती!

त्या रस्त्यावरचं भाडं जगातल्या सगळ्यात महागड्या भाड्यांपैकी. तेव्हा दुकान ‘टॉइज आर अस’ या मोठ्या कंपनीकडे होतं. या जागेचा वाढता खर्च परवडत नाही, असं सांगून कंपनीनं ते बंद केलं.

आपल्या हिशोबात बसवून बघू. समजा, स्टॉलचं भाडं ३,००० रुपये, आणि पापडाच्या एका पुड्यामागे सुटतात २० रुपये. म्हणजे पहिले १५० पुडे नुसते भाड्यासाठीच विकायचे. घरात येणारा पहिला रुपया १५१ व्या पुड्याचा. भाडं १,५०० असतं, तर तोच रुपया ७६ व्या पुड्याला आला असता. पापड तेच, हातही तेच. जाण्यायेण्याचा खर्च आणि बायांची मजुरी तर यात धरलेलीच नाही, आणि ती न धरण्याची आपली सवय वाईटच आहे.

त्या मोठ्या कंपनीची गत पुढे आणखी बिघडली. २००५ साली ती विकत घेणाऱ्यांनी बरंचसं कर्ज काढूनच ती घेतली होती आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. धंद्यातून येणारा पैसा व्याजात जायचा. दुकानं सुधारायला हाताशी उरायचा थोडा. त्यात लोक घरबसल्या खेळणी मागवू लागले. २०१७ साली कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१८ मध्ये तिची अमेरिकेतली दुकानं मिटली.

मग श्वार्ट्झचं दुकान वाचलं कसं? दुकानाला कुलूप लागलं होतं, नावाला नव्हतं. ते नाव २०१६ साली थ्रीसिक्स्टी नावाच्या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं. मोक्याची, पण आधीपेक्षा बरीच लहान जागा धरली, दारातला शिपाई आणला आणि नाचायची पेटीही मांडली. नाव ऐकूनच लोक पुन्हा आले.

नाव अशा रीतीनं विकलं जातं, याचं आम्हाला नवल वाटलं. कायद्यानं नोंदवलेलं नाव ही मालमत्ता असते. जमिनीसारखी विकता येते, वापरायला देता येते. आपल्या पुड्यांवर कुणाचं नाव असतं? बरेच गट माल सुटा करून व्यापाऱ्याला देतात आणि नाव छापतो तो. गिऱ्हाइकाला चव आपल्या हातची कळते, पण ओळखीचं होतं ते त्याचं नाव. ट्रेडमार्कची नोंदणी सरकारकडे होते, त्यासाठी फी भरावी लागते. येत्या बैठकीत आपापल्या गटाचं नाव कुठं कुठं छापलेलं आहे, ते एकदा बघा.