मागचा शॉकर नको

दहावी-बारावीचे निकाल लागले की भोपाळच्या आमच्या अरेरा कॉलनीत सायकलींचा हंगाम सुरू होतो. आईवडिलांनी बक्षीस कबूल केलेलं असतं आणि पोरांनी मोबाइलवर फोटो हेरून ठेवलेले असतात. मी रविवारी सकाळी केरवा धरणाकडे सायकल हाणते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सल्ल्यासाठी बेल वाजते ती माझ्या दाराची. "काकू, अठरा हजारांत चांगली एमटीबी येईल का?" येते. फक्त तिला मागे शॉकर नसावा.

हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात, कारण फोटोत जी सायकल सगळ्यात रुबाबदार दिसते तिला सीटखाली एक जाडजूड लाल स्प्रिंग हमखास असते. मागचं सस्पेन्शन चांगलंच असतं, पण लाखाच्या पुढच्या सायकलींना. स्वस्तात मिळते ती नुसती स्प्रिंग. चढावर पॅडल दाबलं की निम्मा जोर ती खाते, सायकलीचं वजन वाढवते आणि वर्षभरात तिचे सांधे खुळखुळायला लागतात. आमचे मेकॅनिक चाचा अशा सायकलीला हातही लावत नाहीत. "को खां, ये तो झूला है," एवढं म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. तेव्हा घ्यायची ती हार्डटेल, म्हणजे मागून ताठ आणि शॉकर फक्त पुढच्या चिमट्यात.

आणि तो पुढचा शॉकरही काही डोंगरी सायकलीचा, म्हणजे एमटीबीचा, प्राण नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1976 साली काही हौशी मंडळींनी डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या, त्या जुन्यापान्या श्विन सायकलींना जाड टायर चढवून. एका उतारात मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. त्यावरून शर्यतीला नाव पडलं 'रीपॅक'. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकर बाजारात आला तो 1989 मध्ये. तोवर ही मंडळी जाड टायर आणि वाकवलेले कोपर यांच्याच भरवशावर दगडधोंडे तुडवत होती.

म्हणून दुकानात गेल्यावर गिअर मोजू नका, आधी फ्रेम बघा. टायर, सीट, ब्रेक, अगदी चिमटाही पुढे बदलता येतो. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. स्वस्त पोलादी फ्रेम मजबूत असते, पण जड. अ‍ॅल्युमिनियमची मिळत असेल तर तीच घ्या, आणि साइजशी तडजोड करू नका. दांडी दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर मध्ये निदान दोन-तीन बोटांची जागा हवी. 'अजून उंच होईल' म्हणून पोराला मोठी सायकल देणारे पालक मला दर वर्षी भेटतात, आणि दर वर्षी माझा त्यांच्याशी वाद होतो. उतारावर घाईनं पाय टेकायची वेळ आली की मोठी दांडी कुठे लागते ते मुलं घरी सांगत नाहीत.

मग चिमटा. पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडलवर सगळा भार टाकून दाबा. चकचकीत नळ्या सरळ, सावकाश आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या तर ठीक. 'टक' असा आवाज आला, किंवा ब्रेक धरून पुढेमागे हलवताना नळ्या डगडगल्या, तर त्या सायकलीला नमस्कार करावा. शॉकर बंद करायची कळ, म्हणजे लॉकआउट, असेल तर उत्तम. डांबरी रस्त्यावर तिचा फार उपयोग होतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या सायकली बहुतेक वेळ डांबरावरच असतात.

ब्रेकच्या बाबतीत भोपाळची माती निर्णय देते. उन्हाळ्यात कलियासोतच्या बाजूला विंध्याचा वालुकाश्म उघडा पडलेला असतो, त्यावर साधे रिमब्रेकही झकास चालतात. पण पहिला पाऊस झाला की काळी माती टायरला अशी चिकटते की शंभर पावलांत चाक ब्रेकच्या ठोकळ्यांत अडकून फिरायचंच थांबतं. मग काटकी घेऊन चिखल खरवडत बसायचं. डिस्क हबजवळ असते, तिथवर हा राडा सहसा पोचत नाही. म्हणून डिस्कब्रेक, पण या बजेटमध्ये वायरवर चालणारा. हायड्रॉलिक लागतो छान, पण त्यातलं तेल बदलणारा हात प्रत्येक गल्लीत सापडत नाही. वायर मात्र कुठलाही मेकॅनिक पाच मिनिटांत ओढून देतो.

गिअर 21 असोत की 8, पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं यांचे दात तेवढे विचारा. पुढे 24 आणि मागे 28 असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक एक पूर्ण फेराही घेत नाही. मनुआभान टेकडीचा चढ त्याच गिअरवर निघतो. आणखी एक प्रश्न विचारा : फ्रीव्हील की कॅसेट? फ्रीव्हीलमध्ये चेनच्या बाजूची बेअरिंग आतल्या अंगाला असल्यानं अ‍ॅक्सलचा टोकाचा भाग बराचसा निराधार राहतो. वजनदार माणसानं खड्ड्यांतून दामटली की तो वाकतो. अठरा हजारांत कॅसेट मिळाली तर सौदा चांगला झाला म्हणायचा. बहुधा मिळत नाही, आणि पंधरा वर्षांच्या पोराचं त्यावाचून अडतही नाही.

सगळे पैसे सायकलीतच घालू नका. हेल्मेट, हातपंप, दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान यांसाठी अडीच-तीन हजार बाजूला काढा. सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा दुकानदार जुनी किंमत सांगत असेल तर बिल नीट वाचा. पंक्चरचं सामान लागतंच, कारण आमच्याकडे विलायती बाभूळ उदंड आहे. तिचा काटा टायरमध्ये मोडला की बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, आणि टोचलं की नेलकटरनं तो उपसून काढायचा. हे न करणारा त्याच जागी पुन्हा पंक्चर होतो. हवाही पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. दगडी वाटेवर तीसेक पीएसआय पुरते, दगड आधी टायर झेलतो आणि मग तुमचं मनगट.

वाघाचं विचारतातच सगळे. केरवा-कलियासोतच्या पट्ट्यात वाघ फिरतात हे खरं, आणि भीमबेटका ज्यात येतं ते रातापानी तर डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. पहाटे अंधारात आणि दिवेलागणीला त्या बाजूला जायचं नाही, एकट्यानं तर नाहीच. वनखात्यानं अडसर लावला असेल तिथून मागे फिरायचं. नवशिक्याला आधी वन विहारातला तळ्याकाठचा रस्ता पुरेसा आहे. तिथे सायकल भाड्यानं मिळते, म्हणजे अठरा हजार खर्चण्याआधी पोराची हौस किती दिवस टिकते तेही कळतं.

घेतलीच, तर महिनाभरानं दुकानात परत न्या. नव्या वायरी ताणून ढिल्या होतात, आरे सैल पडतात, चाक किंचित डुलायला लागतं. पहिली सर्व्हिस बहुतेक ठिकाणी फुकट असते. दुकानदार "सब ठीक तो है" म्हणेल, तरी चाक उचलून त्याच्यासमोर फिरवून दाखवा.