स्मृती वाढविल्यावर संगणक बंद का पडतो?

कार्यालयातील वा शाळेतील संगणक काही वर्षांनी संथ चालू लागतो. नवा घेण्यापेक्षा त्याची स्मृती, म्हणजे रॅम, वाढविणे पुष्कळ स्वस्त पडते. परंतु नवी पट्टी बसविल्यानंतर तोच संगणक मध्येच थिजतो, आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा पडद्यावर दोषसूचना दाखवून बंद पडतो, असाही अनुभव येतो. अशा वेळी विषाणूचा संशय घेऊन सर्व प्रणाली पुसून नव्याने भरण्याची घाई केली जाते. ती टाळावी. दोष पट्टीत वा तिच्या जोडणीत असेल, तर नव्याने भरलेली प्रणालीही सदोष होण्याचा संभव असतो.

स्मृतीचे कार्य वर्गातील फळ्यासारखे आहे. संगणक डिस्कवरील दप्तरातून मजकूर फळ्यावर उतरवितो, तेथे हिशेब करतो आणि उत्तर पुन्हा दप्तरात लिहितो. फळ्याचा एखादा भाग खराब असेल, तर चुकीचा आकडाच दप्तरात जातो. संगणकात संख्या बिटांच्या रूपाने साठविली जाते. ५०० या संख्येतील १०२४ मूल्याचा एकच बिट उलटला, तर ती १५२४ होते आणि कोणतीही सूचना मिळेलच असे नाही. म्हणून संगणक बंद पडू लागताच त्यावर हजेरीपट, कर-आकारणी वा गुणपत्रके यांचे काम थांबवावे. नवी पट्टी काढून, जुन्या पट्टीवर संगणक नीट चालतो याची खात्री करावी आणि मगच महत्त्वाच्या नोंदींची प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी.

दोषाची कारणे मुख्यतः चार असतात. पहिले, पट्टी पूर्ण न बसणे. दुसरे, जुन्या व नव्या पट्ट्यांचा मेळ नसणे. तिसरे, पट्टीचा वेग मदरबोर्ड वा प्रोसेसर यांना न पेलणारा ठेवलेला असणे. चौथे, पट्टी वा खोबण मुळातच सदोष असणे. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ या प्रकारांच्या पट्ट्या परस्परांच्या जागी चालत नाहीत. त्यांच्या खाचांच्या जागा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे पट्टी बसत नसल्यास जोर लावू नये.

तपासणी पुढील क्रमाने करावी. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी व सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी. अंगावरील स्थिर विद्युत पट्टीस घातक ठरते. म्हणून प्रथम पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा आणि पट्टी कडेने धरावी. दोन्ही पट्ट्या काढून, धूळ झटकून, एकच पट्टी खोबणीची खिटी पूर्ण बसेपर्यंत दाबावी. डीडीआर-५ पट्टी बसविल्यानंतर प्रथम सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढ्यावरून ती बिघडली असे समजू नये.

यानंतर स्मृतिचाचणी चालवावी. विंडोज प्रणालीत अशी चाचणी २००७ पासून अंगभूत आहे. ती रात्रभर अनेक फेऱ्यांत चालविणे इष्ट, कारण काही दोष पट्टी तापल्यावरच प्रकट होतात. नंतर दुसरी पट्टी त्याच खोबणीत आणि मग पहिली पट्टी दुसऱ्या खोबणीत तपासावी. दोष पट्टीबरोबर फिरला, तर पट्टी सदोष. खोबणीतच राहिला, तर खोबण सदोष. प्रत्येक पट्टी एकटी निर्दोष चालून दोन्ही एकत्र बंद पडत असतील, तर मेळ नाही किंवा वेग जास्त आहे असे समजावे. बायोसमध्ये वाढीव वेगाची निवड रद्द करून पुन्हा पाहावे. एकट्या जुन्या पट्टीवरही संगणक बंद पडत असेल, तर वीजपुरवठा, साचलेली धूळ, पंखा व डिस्क यांकडे वळावे.

चाचणीत एकच चूक आढळली, तरी ती पट्टी कामास अयोग्य मानून हमीच्या मुदतीत बदलून घ्यावी. खरेदीची पावती त्यासाठी जपून ठेवावी. बदललेली पट्टीही प्रथम चाचणीस लावावी आणि ती निर्दोष ठरल्यावरच संगणकावर नोंदींचे काम पुन्हा सुरू करावे. पट्टी बदलून मिळते; दप्तरात एकदा चुकीचा उतरलेला आकडा मात्र शोधूनही सापडेल याची शाश्वती नसते.