नाडी लागते, तरी हात जातो

पेरूच्या झाडावरून पडलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराचं कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं. प्लास्टर घालून त्याला घरी आणतात आणि रात्री ते विव्हळायला लागतं. घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "हाड मोडलंय, दुखणारच." बहुतेक वेळा हे खरंच असतं, आणि पंचाईत तीच आहे. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये स्थिर झालं की दुखणं हळूहळू उतरायला लागतं. ते तासातासाला चढत असेल, गोळी देऊनही थांबत नसेल, तर ते हाडाचं दुखणं नाही. आत स्नायू गुदमरतोय.

डॉक्टर याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मटण साफ करताना स्नायूवरचा पांढरा, चिवट पापुद्रा ज्यांनी ओढून काढलाय त्यांना हे लवकर कळेल. आपल्या हातापायांतल्या स्नायूंभोवतीही तसंच आवरण असतं आणि त्याचे बंद कप्पे असतात. गुडघ्याखाली असे 4. मोड आणायला फडक्यात करकचून बांधलेली मटकी फुगते, पण फडकं ताणत नाही, तसंच इथे होतं. मार लागल्यावर आत रक्त साचतं, सूज येते, जागा मात्र तेवढीच राहते. वाढलेल्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू उपाशी पडतो, उपाशी स्नायू आणखी सुजतो. हे चक्र आपोआप थांबेलच असं नाही.

"नाडी लागतेय, बोटं गरम आहेत, मग काळजी कशाला?" सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. मनगटाला लागते ती मोठ्या धमनीची नाडी, आणि तिच्यातला वरचा दाब 110-120 असतो. केशवाहिन्या त्याच्या निम्म्याहून कमी दाबालाही मिटतात. म्हणजे रस्त्यावरची मोठी जलवाहिनी धो-धो वाहत असते आणि घरातला नळ कोरडा. म्हणून डॉक्टर कप्प्यातला दाब मोजतात आणि रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून तो वजा करतात. उरलेला फरक 30 पेक्षा कमी राहिला, तर धोका. खालचा आकडा 70 आणि कप्प्यात 45 असेल, तर उरले 25, नाडी मात्र ठणठणीत. अंग फिकं पडणं, नाडी हरवणं, बोटं लुळी होणं ही लक्षणं पुस्तकात असतात, पण ती उशिराची. त्यांची वाट पाहणं म्हणजे आग लागल्याची खात्री करायला छप्पर कोसळेपर्यंत थांबणं.

लवकर कळण्याची खूण साधी आहे. आखडलेली बोटं दुसऱ्याने हळुवार सरळ केली, पायाच्या बाबतीत अंगठा वरखाली हलवला, की रुग्ण किंचाळतो. पोटरी किंवा हात दगडासारखा घट्ट लागतो. मुंग्या येतात. लहान मुलाला हे सांगता येत नाही. ते नुसतं चिडचिड करतं, कुणाला हात लावू देत नाही आणि वेदनाशामकाची गरज वाढत जाते. अशा मुलाला हट्टी ठरवू नये. बेशुद्ध किंवा भूल देऊन बधिर केलेल्या रुग्णाला तर दुखणं सांगताच येत नाही. तिथे दाब मोजण्यावरच जास्त भिस्त.

रिकार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये घट्ट पट्ट्यांनंतर वाकड्या होऊन बसणाऱ्या हातांबद्दल लिहिलं. मनगट आत वळलेलं, बोटं पंजासारखी आकसलेली. त्या विकृतीला आजही त्याचं नाव आहे. आपल्याकडे हाडवैद्याने कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीनंतर असे हात दिसतात, पण सगळं खापर त्याच्यावर फोडून भागणार नाही. रुग्णालयातलं घट्ट प्लास्टरही हेच करतं. आणि काहीच बांधलेलं नसेल तरी कप्प्याचं आवरण आहेच. मोटरसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलेल्या तरुणांत हे जास्त दिसतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं म्हणजे दाब निघून गेला, असंही नाही. एक कप्पा फाटला तरी शेजारचे बंदच असतात.

सुजलेला पाय उशांवर उंच ठेवायचा हा सल्ला एरवी चांगला. इथे मात्र पाय हृदयाच्या पातळीलाच ठेवायचा, कारण उंच केला की आत पोचणारं रक्त आणखी घटतं. क्रेप बँडेज किंवा कामट्यांची पट्टी असेल तर हाड हलू न देता ती घरीच सैल करावी. प्लास्टर कापायला रुग्णालयातच जावं, तेही रात्रीच. सकाळची ओपीडी उघडेपर्यंत स्नायू थांबत नाही. 6 तासांनंतर कायमच्या नुकसानीची शक्यता वाढत जाते. निघताना खायला-प्यायला देऊ नये, शस्त्रक्रिया लागू शकते. तिथे प्लास्टर आणि खालचा कापूस कातडीपर्यंत पूर्ण चिरून सैल केला जातो, आणि कित्येकदा तेवढ्यानेच दाब उतरतो.

नाही उतरला तर फॅसिओटॉमी. पायाला दोन लांब चिरे देऊन चारही कप्पे मोकळे करतात आणि जखम उघडी ठेवतात. ती बघून नातेवाइकांना भोवळ येते, डॉक्टरने पाय बिघडवला असं वाटतं. ती मुद्दामच उघडी असते, कारण लगेच शिवली तर दाब पुन्हा कोंडेल. 2-3 दिवसांनी पुन्हा पाहतात, मेलेला स्नायू काढतात. सूज ओसरली की टाके घालतात किंवा मांडीची कातडी लावतात. या काळात लघवीच्या रंगावरही लक्ष ठेवतात, कारण मेलेल्या स्नायूतला रंग उतरून ती कोऱ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडं धोक्यात असतात.

आणि फार उशीर झाला असेल, कप्प्यातले स्नायू आधीच मेले असतील, तर शल्यविशारद बहुधा चिरा देत नाही. उघडं पडलेलं मृत मांस जंतूंना आयतं सापडतं. मग उरतात फिजिओथेरपी, स्प्लिंट, आणि पुढे कधीतरी आखडलेली बोटं थोडी सोडवणारी शस्त्रक्रिया.