राखणदार आकडा

तुमच्या गावाचा पिनकोड पाठ आहे ना? नंदुरबार शहराचा पिनकोड आहे ४२५४१२. आता यातला फक्त शेवटचा आकडा एकाने वाढवा. झाला ४२५४१३. हा कुणाचा? तळोद्याचा! म्हणजे घाईघाईत २ च्या जागी ३ लिहिला, की नंदुरबारच्या मामाला पाठवलेली राखी निघाली तळोद्याला. पोस्टमनदादा पत्ता वाचून ती परत पाठवतीलही. पण तोवर राखीपौर्णिमा उलटून गेलेली असेल!

पिनकोडची ही युक्ती काढली ती एका मराठी माणसाने. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतमध्ये कविता करणारे कवीसुद्धा! १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस. यातली एक गंमत पाहा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. पण धुळ्याचा पिनकोड ४२४ ने सुरू होतो, आणि नंदुरबारचा मात्र जळगावसारखा ४२५ ने!

पिनकोड इतका सुटसुटीत, पण त्यात एक गोष्ट नाही. चूक झाली तर ‘अरे थांब, चुकलास!’ असं ओरडणारं त्यात कुणी नाही.

मला प्रोग्राम लिहायची हौस आहे. पोटापाण्याचा उद्योग नव्हे हं, नुसता छंद! कुणाला घड्याळ उघडून बघायची खोड असते, कुणाला रेडिओ. तसं मला एखादा मोबाइल किंवा एखादी वेबसाइट दिसली, की ‘हे आतून कसं चालतं?’ असा किडा वळवळायला लागतो. वेबसाइटवर मोठा नंबर टाकताना एक आकडा चुकला, तर बटण दाबायच्या आधीच लाल अक्षरांत ‘नंबर चुकीचा आहे’ असं कधीकधी येतं. तुम्हीही पाहिलं असेल. तिला कसं कळतं? कोट्यवधी नंबरांची यादी ती एका क्षणात चाळते की काय?

छे! यादीबिदी काही नाही. ते काम करतो नंबरातलाच एक आकडा. बहुधा शेवटचा. त्याला आपण म्हणू ‘राखणदार’. शेताच्या बांधावर जागल्या बसतो ना, तसा हा नंबराच्या टोकाला बसलेला असतो.

करून पाहा : राखणदार बसवू या

चला, वेलणकरांनी ज्याला राखणदार दिला नाही, त्या पिनकोडला आपण तो देऊ. वही-पेन्सिल घ्या आणि नंदुरबारचा नंबर लिहा : ४ २ ५ ४ १ २.

आता उजवीकडून मोजायला सुरुवात करा. पहिला, तिसरा, पाचवा अशा आकड्यांची दुप्पट करायची. मधले आकडे आहेत तसेच ठेवायचे. दुप्पट करून दोन आकडी संख्या आली, तर तिचे दोन्ही आकडे मिळवून टाकायचे. म्हणजे ७ ची दुप्पट १४, आणि १ अधिक ४ म्हणजे ५.

उजवीकडून : २ ची दुप्पट ४, मग १ तसाच, ४ ची दुप्पट ८, ५ तसाच, २ ची दुप्पट ४, ४ तसाच. सगळ्यांची बेरीज करा. ४ + १ + ८ + ५ + ४ + ४ = २६. पुढची पूर्ण दहाची संख्या ३०. तिथे पोचायला किती हवेत? ४. हाच आपला राखणदार! नवा नंबर झाला ४२५४१२४.

आता मुद्दाम चूक करा. राखणदार ४ च ठेवून आधीच्या २ च्या जागी ३ लिहा. बेरीज येते २८, राखणदार मिळवून ३२. पूर्ण दहा झाले नाहीत, म्हणजे चूक पकडली! आता १ आणि २ ची अदलाबदल करून ४२५४२१ लिहा. बेरीज २५, राखणदारासह २९. पुन्हा पकडली!

एकच आकडा चुकला तर हा राखणदार कधीही फसत नाही. का? ० ते ९ या आकड्यांची आपल्या नियमाने दुप्पट करून पाहा. ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९. एकही उत्तर दोनदा आलं नाही! त्यामुळे आकडा बदलला की बेरीज बदलणारच.

ही रीत शोधली आय.बी.एम. कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी. १९५४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मिळालं. आणि ते पेटंट कशाचं होतं, ठाऊक आहे? कॉम्प्युटर प्रोग्रामचं नव्हे, तर हातात धरून वापरायच्या एका छोट्या यंत्राचं!

लूनची ही रीत आज तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये आहे. डायल करायच्या जागी *#०६# दाबा. पंधरा आकडी नंबर दिसेल. दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन नंबर दिसतील. हा त्या फोनचा आय.एम.ई.आय. क्रमांक, म्हणजे फोनची ओळख. शेवटचा आकडा झाकून ठेवा आणि उरलेल्या चौदा आकड्यांवर आपला हिशेब करा. झाकलेला आकडा बरोब्बर हजर होईल! एटीएम कार्डावरच्या नंबरालाही हीच रीत लागू आहे. पण आईबाबांच्या कार्डावर प्रयोग नको. तो नंबर वहीत उतरवून ठेवायचा नसतो.

राखणदार सगळीकडे भेटतात. नंदुरबार स्टेशनवर सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी उभी असेल, तर फलाटावरूनच डब्यावरचा नंबर वाचा. अकरा आकडे असतात आणि अकरावा राखणदार असतो. त्याची रीत मात्र वेगळी.

शहाद्याने फसवलं!

आता शहाद्याकडे वळू. शहाद्याचा पिनकोड ४२५४०९. त्याला लूनचा राखणदार बसवा. ९ ची दुप्पट १८, म्हणजे ९. मग ०, ८, ५, ४, ४. बेरीज ३०. पूर्ण दहा झालेलेच आहेत, म्हणून राखणदार ०. आता शेवटचे ० आणि ९ अदलाबदल करा : ४२५४९०. बेरीज किती? ० + ९ + ८ + ५ + ४ + ४, पुन्हा ३०! राखणदार गाढ झोपलेला!

शेजारशेजारच्या आकड्यांची अदलाबदल झाली, तर ०९ आणि ९० ही एकच जोडी लूनच्या राखणदाराला फसवते. बाकी सगळ्या जोड्या तो पकडतो. पण एक जोडी तर एक जोडी, भोक ते भोकच.

हे भोक बुजवलं नेदरलँड्सच्या याकोबुस फेरहूफ या गणितज्ञाने, १९६९ साली. माणसं आकडे लिहिताना नेमक्या कशा चुका करतात, हे त्याने आधी तपासलं. त्यासाठी त्याने कुठली माहिती वापरली असेल? टपाल खात्याची! शंभर चुकांपैकी सुमारे ७९ वेळा एकच आकडा चुकलेला होता आणि सुमारे १० वेळा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले होते. या दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका पकडायच्या, असं त्याने ठरवलं.

अडचण अशी होती, की बेरजेला क्रम कळत नाही. २ + ३ काय आणि ३ + २ काय, उत्तर पाचच. मग क्रम बदलला की उत्तर बदलेल, असं काही आहे का? आहे! पुठ्ठ्याचा पाच सारख्या बाजूंचा पंचकोन कापा. एका टोकाला छोटं भोक पाडा आणि ते टोक वर येईल असा पंचकोन समोर ठेवा. आता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक घर फिरवा, मग पुस्तकाचं पान उलटतो तसा जागेवरच उलटा. भोक डाव्या हाताला आलं. पुन्हा पहिल्यासारखा ठेवा. या वेळी आधी उलटा आणि मग एक घर फिरवा. भोक उजव्या हाताला! कामं तीच दोन, क्रम बदलला आणि उत्तर बदललं. या पंचकोनाच्या सुलट बाजूने पाच आणि उलट बाजूने पाच, अशा दहाच स्थिती होतात. आणि आपले आकडे किती? ० ते ९, दहाच! फेरहूफने प्रत्येक आकड्याला एक स्थिती दिली, प्रत्येक जागेवरचा आकडा आधी एका ठरावीक रीतीने बदलून घेतला, आणि साध्या बेरजेऐवजी हे फिरवणं-उलटणं वापरलं. झाला न झोपणारा राखणदार तयार.

हा राखणदार आज जगातल्या एका फार मोठ्या नंबर-योजनेत बसला आहे. ती योजना सुरू झाली ती आपल्या शहादा तालुक्यातच! २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना मिळाला. आधारमध्ये बारा आकडे असतात. पहिला आकडा ० किंवा १ नसतो. पहिले अकरा आकडे कसलेही क्रमाने न लावता दिलेले असतात. त्यांवरून तुमचं गाव, जात, जन्मतारीख काहीही ओळखता येत नाही. आणि बारावा आकडा? तोच फेरहूफचा राखणदार.

राखणदाराला काय कळत नाही?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राखणदार फक्त एवढंच सांगतो, की ‘हे आकडे एकमेकांशी जुळतात’. ते कुणाचे आहेत, हे त्याला कळत नाही. कुणी मनाला येईल तो नंबर ठोकून दिला, तरी दहातून एकदा तो राखणदाराच्या हातून सुटतो. म्हणजे हा चूक पकडतो, लबाडी नाही.

म्हणून समोर उभं असलेलं माणूस तेच का, हे बघायला रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावतात. पण विळा, ऊस, विटा, दगड हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र कधीकधी घेत नाही. म्हाताऱ्या माणसांचंही असंच होतं. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी किती कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते तुम्ही जाणताच. त्यांच्या बोटांवर रेषा कमी आणि घट्टे जास्त! मोबाइलवर ओटीपी मागवावा, तर सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत रेंज हवी.

अशा वेळी ‘मशीन नाही म्हणतंय’ एवढं ऐकून आजी रिकामी पिशवी घेऊन घरी येते. खरं तर यंत्राने ‘तू ती नव्हेस’ असं म्हटलेलं नसतं. ‘मला रेषा नीट दिसल्या नाहीत’ एवढंच ते म्हणत असतं. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, अशा सूचना आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये स्वतःच दिल्या आहेत. दुसरं बोट, डोळ्याचं बुबुळ, ओटीपी असे मार्ग आहेत.

तेव्हा दोस्तांनो, घरातल्या मोठ्यांबरोबर सेतू केंद्रात किंवा रेशन दुकानात गेलात, तर एवढं करा. नंबर चार-चार आकड्यांच्या गटात मोठ्याने वाचा आणि टाइप झालेला पुन्हा ताडून पाहा. ‘नंबर चुकीचा’ असं आलं, तर घाबरू नका. नाव कटलं असं नसतं, बहुतेक वेळा एखादा आकडा घसरलेला असतो. नंबर घेतला गेला, तरी शेजारी दिसणारं नावही वाचा. मोबाइल नंबराला तर राखणदारच नसतो, म्हणून रिचार्ज करताना दहाही आकडे दोनदा बघा. आणि आधारवर प्रयोग करायचाच असेल तर घरच्या कागदावर करा, कुठल्या अनोळखी वेबसाइटवर नको.

कॉम्प्युटर येत असेल, तर लूनच्या रीतीचा प्रोग्राम पायथनमध्ये दहा-बारा ओळींत होतो. नसेल, तर पेन्सिल आहेच. तिला रेंज लागत नाही!

आता तुमच्यासाठी एक काम. अक्कलकुव्याचा पिनकोड ४२५४१५. लूनच्या रीतीने त्याला राखणदार बसवा. मग तोच हिशेब तुमच्या गावाच्या पिनकोडसाठी करा आणि शेजारच्या मित्राकडून तपासून घ्या.

(उत्तर : अक्कलकुव्याचा राखणदार ७)